नावाखालचा रंग

मी काही हे रंग चमकवाचं काम शिकून कारागीर झालेला माणूस नाही सर, ते पहिलेच सांगून ठेवतो. पांढरकवड्याजवळचं आमचं खेडं, बाप वावरात राबला, मोठा भाऊ वावरातच राह्यला, मले मातर गाडीचं येड होतं म्हणून दहावी नापास झाल्याबरोबर सवारी गाडीवर लागलो, पांढरकवडा ते झरी जामणी अन झरी ते पांढरकवडा, तेच झाडं अन तेच गड्डे पाहत वीस-बावीस वर्षं गेली. पहिले दुसऱ्याची चालवली, मंग सोताची घेतली, जुनीच होती पण रंग काय होता म्हणून सांगू तुमाले, असा गर्द लाल, तोंड पाहून भांग पाडावा.

गाडी घेतली का आपल्याकडं कोणी देवाचं नाव टाकते कोणी मायबापाचं, मी वैशालीचं टाकलं. एकुलती एक पोरगी माही. बोनटच्या अगदी मधात, पिवळ्या रेडियमची हातभर अक्षरं. मंग काय, स्टँडवर माहं नाव कोणाले आठवे नाही, वैशाली लागली का, वैशाली भरली का, वैशाली निंगाली, असंच बोलत सारे, अन मले ते गोड वाटे. पोरगी नर्सिंग शिकली, झरीकडल्या दवाखान्यात नोकरीले लागली, माह्याच गाडीत सामोर बसून जाये.

अन तिनं लग्न केलं. न विचारता नाही बरं, विचारलं होतं तिनं, दोनदा विचारलं. पोरगा वनरक्षक, सुपारीचंबी व्यसन नाही, पण कोलाम आदिवासी, अन आमी कुणबी. मी नाही म्हटलं अन तिनं यवतमाळले जाऊन कोर्टात लग्न केलं. आता तुमच्यापाशी खोटं नाही बोलत सर, त्या कोलामाइच्या वस्तीवर मी वीस वर्षं सवाऱ्या सोडल्या, त्याइच्या घरचं पाणी पेलो, गाडी बंद पडली तं त्याइनं ढकलून देली, अन त्यातला एक जवाई होते म्हटल्यावर मले जात आठवली. लाज वाटते सांगाले, पण तसंच झालं.

स्टँडवरचे लोक तोंडावर काही म्हणत नव्हते, पण कोणी वैशाली निंगाली का म्हणून विचारलं का मले वाटे मुद्दाम बोलून राह्यला. एक दिवस सकाळी ब्लेड घेतलं अन रेडियम काढून फेकलं. काढलं तं काय, नाव तसंच. पिवळं गेलं, पण खालचा रंग झाकून राह्यल्यानं नव्वाच्या नव्वा, अन बाकीचं बोनट उन्हानं विटून गेलेलं, मंग त्या विटक्या रंगात वैशाली असं गर्द लाल उठून दिसे, पहिलेपेक्षाबी चांगलं. मी राकेल लावलं, दात घासाची पेस्ट लावली, काहीच नाही. साळा यवतमाळपाशी लोहाऱ्याले कारखान्यात आहे, तो म्हणे भाऊजी, बफिंग करा, मशीननं घासून रंग एकसारखा करा, घरीच होते, अन त्यानं आपली भोकं पाडाची मशीन देली, तिले सामोरून स्पंजाची गोल गादी लावली, घासाच्या कंपाउंडचा डब्बा देला, मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, झालं शिक्षण.

तुम्ही तुमच्या गाडीचं घरी करतो म्हणता म्हणून सांगतो, मी तवा सारंच उलटं केलं. गाडी भर उन्हात आंगणात उभी, पत्रा तव्यासारखा तापलेला. गाडी सावलीत पाहिजे, पत्रा हाताले थंड लागला पाहिजे, धूळ पुरी धुतलेली पाहिजे, नाही तं तीच धूळ तुम्ही रंगात घासता. अन सर्वात मोठी चूक म्हणजे, रंग खराब होता भोवतालचा, घासाचं होतं भोवतालचं, तिथला विटका थर काढला असता तं सारं बोनट एकसारखं लाल झालं असतं. मी नाव घासून राह्यलो होतो. जो चांगला होता तोच रंग घासून राह्यलो होतो.

त्या दिवशी पोरीची माय कापूस वेचाले गेलती. मी एकटा, मशीनचा घर्र घर्र आवाज, अन मान वर केली तं फाटकापाशी वैशाली. लग्नाले तीन महिने झाले असन. हातात कापडी पिशवी, एकटीच. तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग बोनटकडं पाह्यलं. पहिलं अक्षर पुसट झालतं, पुढचे दोन बाकी होते. मशीनचा खटका माह्या बोटाखालीच होता सर, बोट उचललं असतं तं मशीन बंद. मी मान खाली घातली अन डब्बल जोर देला, एकाच जागी. मशीन फिरवत राहा लागते, एका जागी थांबली का रंग जळते, हे मले माहीत नव्हतं, अन माहीत असतं तरी त्या वक्ती मी हाललो नसतो. जळका वास आला, लाल गेलं, खालचं करडं अस्तर गेलं, पांढरा पत्रा निंगाला. मंग बंद केली. फाटकापाशी कोणी नव्हतं. मी हात धुतले अन घरात जाऊन पडलो.

बायकोले, कमलले, मी हे सांगितलंच नाही. तीन वर्षं नाही सांगितलं. पोरगी फोनवर मायशी बोले पण घरी येतो म्हणे नाही. कमल रडे, म्हणे बाप रागीट आहे हे मान्य, पण एकदा दारात याले काय झालं होतं तिले, आपण काय हाकलून देलं असतं. अन मी आइकून घेत होतो. एखाद्या वेळी तं मीच म्हणत होतो, घमेंड आली तिले नोकरीची. असं बोललो मी सर, पोरीच्या नावानं, तिच्या मायसामोर.

बफिंग मातर शिकलो. बाकीचं बोनट निस्तरता निस्तरता हात बसला, आता लोक आपल्या गाड्या घरी आणते. मी त्याइले सांगतो, काठाले कागदी टेप लावा, तिथं रंग पातळ असते, वाटाण्याएवढंच कंपाउंड घ्या, मशीन हळू चालवा, मधामधात तळहात ठेवून पाहा, अन दाबू नका. दाबू नका हे मी दहादा सांगतो, लोक हासते. माह्या बोनटवरचा पत्रा तेवढा उघडा आहे, पेंटर कितीदा म्हणे रंग मारून देतो, मी नाही म्हणतो, गंज चढू नये म्हणून तेल पुसत राहतो.

या फागणात झरीले सवारी सोडली अन गाडी तिच्या घराकडं वळवली. कशी वळवली मले माहीत नाही. जवाई जंगलात ड्युटीवर होते, ती होती अन तिची दोन वर्षाची पोरगी. तिनं खुर्ची देली, पाणी देलं. मी म्हटलं वैशू, त्या दिवशी मी तुले पाह्यलं होतं. ती म्हणे माहीत आहे, आपली नजरानजर झालती ना. मी म्हटलं मान वर केली तं तू गेलती. गेलती कुठं, ती म्हणे, वळणावरच्या निंबाखाली उभी होती, मशीन बंद झाल्याचं आइकू आलं, म्हटलं बाबा आता येईन भाईर. अर्धा तास उभी होती. मंग शेवटची गाडी चुकीन म्हणून निंगाली. रागात नाही बोलली सर, पेशंटले औषधाची वेळ सांगावं तसं बोलली. अर्धा तास, अन मी तं फाटकापर्यंतबी गेलो नव्हतो.

त्याच दिवशी घरी येऊन कमलले सारं सांगितलं. तिनं कुकर उतरवला, मले वाढलं. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीत तुरीची डाळ भरली, नातीसाठी झबलं घेतलं अन निंगाली. मी म्हटलं चाल मी सोडतो, माही गाडी तिकडंच चालली. म्हणे नाही.

आता ती दर पंधरा दिवसानं तिकडं जाते. माही गाडी अन झरीची एसटी एकाच वेळेले लागते, माह्या सामोरून जाते ती अन एसटीत बसते. सवाऱ्या पाहते, कंडक्टर पाहते. तिले खिडकीपाशी जागा भेटली का एवढं पाहून घेतो. पोरगी, नात, जवाई, सारे खुशाल राहो, मले बलावो का न बलावो. एसटी सुटली का मी माही गाडी काढतो अन झरीपर्यंत तिच्या मांगं मांगं जातो, ओव्हरटेक करत नाही.