गोल पाचच आहेत!

...आणि चहासुद्धा गारढोण! पण चहाचं सोडा हो, माझ्या उताराचं काय? तुम्हाला सांगते, शाळेच्या भूगोलाच्या मूळ संकल्पना ठरवायच्या म्हणून समितीवर बोलावलं, मी आपली हुरळून गेले, तर भिंतीवर तक्ता आधीच छापून तयार! मधे 'भूगोल', भोवती पाच गोल, रिकामे. म्हणजे आधी छापायचं आणि मग आम्हाला विचार करायला बसवायचं, आहे की नाही वरातीमागून घोडं?

अध्यक्ष आमचेच हेडमास्तर. "सुचवा बाई, अगदी मोकळेपणानं सुचवा!" सुचवलं. स्थान, अंतर, नकाशा, हवामान... चार भरले. पाचवा म्हटलं, उतार. अहो, दरवर्षी मी पोरांना मैदानावर नेते, बादलीभर पाणी ओतते आणि म्हणते, पळा त्याच्या मागे! वर्गात जांभया देणारी पोरं पाण्यामागे रांगतात हो! एकदा एक मुलगी ओरडली, "बाई, सगळं पाणी त्या कोपऱ्यातच जातंय!" त्या दिवशी वाटलं, चला, आपण काहीतरी शिकवलं. उतार गेला की माझा तो तासच गेला, कळतंय ना?

तर समितीवरच्या तज्ज्ञबाई नाक मुरडून म्हणतात, "उतार फारच साधा वाटतो. त्यापेक्षा 'वैश्विक जाणीव' घेऊ या ना!" मी म्हटलं, दोन्ही घ्या. हेडमास्तर हसले, "बाई, गोल पाचच आहेत." अहो, सहावा मी खडूनं काढते! "छापून झालंय ना. गोल पाचच आहेत." हात वर करा म्हणाले. माझा एकटीचा वर, बाकीच्यांचे बिस्किटांच्या बशीत! झालं. आता त्या तासाला पोरं वैश्विक जाणिवेला रंग देतात.

पुढे ऐका. शाळेला नवा वर्ग बांधायचा निघाला आणि हेडमास्तरांनी जागा निवडली कुठली? तोच कोपरा! मी जीव तोडून सांगायला गेले, तर म्हणतात, "बाई, उतार काही तुमच्या डोक्यातून जात नाही!" आणि सगळी स्टाफरूम खो खो हसली. हसा, हसा!

परवा मोटर बंद करायला शिपाई विसरला, टाकी भरभरून वाहिली, नव्या वर्गात घोट्याएवढं पाणी, पोरांची दप्तरं त्यात भिजून चिंब, मी माझी तीच बादली घेऊन उपसतेय, आणि दारात हेडमास्तर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, "पण बाई, पाणी नेमकं इथंच कसं आलं हो?"

मी म्हटलं, "सर, गोल पाचच आहेत." आणि पुढची बादली भरली.