उभी आहे म्हणून

मोहम्मद : मॅडम, घंटा झाली ना? मग माझी मिस्बाह त्या दुसऱ्या पोरीच्या कोपऱ्यात कशाला चाललीय?

सुचिता : वळली, वळली. तिच्या कोचनी, चांगदेव सरांनी, हाक मारली. बसली बघा स्टुलावर.

मोहम्मद : पन चुकली कशी? सर तर समोरच उभे हायत.

सुचिता : चाचा... डोक्याला मार बसला की असं होतं.

मोहम्मद : मग थांबवा ना! तुमीच रेफरी हाय. सकाळी दोन पोरींची फाइट थांबवलीत, मी बघितलं.

सुचिता : ही माझ्याकडे नाही. ही श्रीवर्धनची, मी उरणची, जिल्हा एकच. आपल्या जिल्ह्याच्या पोरीची बाउट आपल्याला देत नाहीत.

मोहम्मद : तुमच्याकडं असती तर?

सुचिता : आत्ताच थांबवली असती.

मोहम्मद : मग त्या रेफरीला दिसत न्हाय?

सुचिता : तो तेव्हा पाठमोरा होता. थांबा, मी टेबलावर सांगून येते.

(ती जाऊन परत येते. तिसऱ्या राऊंडची घंटा होते.)

मोहम्मद : काय म्हनाले?

सुचिता : रिंगमधला रेफरी ठरवेल म्हणाले. त्याने तिला 'ठीक आहेस ना?' विचारलं. तिने मान डोलावली, हात वर धरले.

मोहम्मद : ती तसंच करनार! होडीवरनं पडून हात मोडला, तवा पन हसत घरी आलेली.

सुचिता : सगळ्या तसंच करतात. म्हणून विचारायचं नसतं, बघायचं असतं. पाय कुठे पडतायत, ठोसा येताना हात वर येतोय का...

मोहम्मद : तिचा येतोय?

सुचिता : चाचा, तुम्ही आधी खाली बसा.

मोहम्मद : खरं सांगा मॅडम.

सुचिता : नाही येत.

मोहम्मद : मग सरांना सांगतो. ते टॉवेल टाकून फाइट थांबवतील ना?

सुचिता : आत सोडणार नाहीत तुम्हाला. आणि सरांना वाटतंय, ती पुढे आहे. गुणांत आहेही.

मोहम्मद : मिस्बाह! ए मिस्बाह! बस कर बेटी! बस!

सुचिता : या गोंगाटात नाही ऐकू जाणार, चाचा.

मोहम्मद : ही मान्सं टाळ्या कसल्या वाजवतायत?

सुचिता : ती अजून उभी आहे म्हणून.

मोहम्मद : या अल्लाह... पड बेटी. खाली पड गं. पड एकदाची!

सुचिता : थांबवली! चाचा, थांबवली त्याने. धरलंय तिला. डॉक्टर वर चढले. चला, उठा. माझा हात धरा.

(दोघं रिंगजवळ स्ट्रेचरवर झोपवलेल्या मिस्बाहपाशी येतात.)

मिस्बाह : अब्बा, तुम्ही रडताय?

मोहम्मद : न्हाय गं. घाम हाय.

मिस्बाह : मॅडम, मला असं झोपवलंय का?

सुचिता : हलू नकोस. बाहेर गाडी आलीय. हॉस्पिटलात जाऊन जरा दाखवून येऊ.

मिस्बाह : आत्ता? आत्ता कसं जाणार?

मोहम्मद : फाइट संपली, बेटी.

मिस्बाह : कुणाची?

सुचिता : मिस्बाह, इकडे बघ. माझ्याकडे बघ.

मिस्बाह : अब्बा, हात सोडा ना. आता माझं नाव पुकारतील.