चुकलं की पार्टी

बँकेच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या, औषधाच्या कारखान्यात कच्चा माल तोलणाऱ्या. धाकटीच्या हातात आरडी मोडण्याचा अर्ज होता.

"पंधरा महिने एक हप्ता चुकवला नाहीस, आणि आता पार्टीसाठी मोडतेस?"

"काय करू, ताई? जो चुकेल त्याने अख्ख्या विभागाला पार्टी द्यायची, अशी रीतच आहे आपल्याकडे. यंदाची माझी तिसरी."

"बाकी कुणाची एकही नाही, हे बघितलंस का?"

"तुम्ही सगळे हुशार."

"हुशार कसले! तू आपणहून सांगतेस, एवढंच."

"लहान मुलांचं सिरप असतं, ताई. न सांगून कसं चालेल?"

रांग पुढे सरकली. ताई जागीच उभ्या राहिल्या.

"मागच्या आठवड्यात वजन करताना माझंही चुकलं होतं."

"मग?"

"मुलाची फी भरायची होती गं. पार्टी परवडली नसती."

"बाटल्या कुठे आहेत त्या?"

"गोदामात. उद्या सकाळी गाडी भरतील."

धाकटीने अर्जाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"चला. साहेब अजून ऑफिसात असतील."

"मला एकटीला नाही जमायचं सांगायला."

"एकटीला कोण पाठवतंय?"