वरच्या मजल्यावरचा संगीतकार

रविवारी सकाळी लुडगर टेश्नर बेकरीच्या रांगेत उभे होते. पुढे त्यांच्याच इमारतीतल्या, खालच्या मजल्यावरच्या दोघी. मागे वळून बघायची त्या बायकांना गरज वाटली नव्हती.

“अगं हेडविग, तो टेश्नर स्वतःला संगीतकार म्हणवतो.”

“असेल की.”

“सहा वर्षं राहतोय. छतातून कधी एक सूर आला?”

“पियानो तर चौघांनी चढवला होता.”

“खोकं चढवलं. आत काय होतं, तू पाहिलंस?”

“तो म्हणे नुसता कागदावर लिहितो. ऐकतो मनात.”

“हे कोण म्हणालं?”

“तोच.”

“मग झालं तर. उद्याच घरमालकांना पत्र टाकते. असला थापाड्या इथे नको, जागा खाली करू दे.”

टेश्नर पाव न घेताच घरी आले. रविवारी दुपारी शांतता पाळायचा नियम; त्या इमारतीत कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. नेमक्या त्याच वेळी त्यांनी पियानो उघडला आणि बर्लिनमध्ये पारितोषिक मिळालेली आपली रचना अथपासून इतिपर्यंत वाजवली. मग हळूच जिन्यात येऊन कान दिला.

“ऐकलंस ना, इर्मगार्ड? आता तरी पटलं?”

“पटलं. आत काहीतरी तोडत होता. पत्र आजच लिहायला घेते.”