मग आत्ता कोण गेलं?

...आता न्हाय कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा की! शेजारधर्म म्हणून काकूंना मोपेडवर बसवून निघालो, तर वाटभर माझ्या कानात एकच... "मालक गेलं तवा पेन्शन कमी झाली न्हाय, मग आत्ता कोण गेलं?" आता मला काय म्हाईत? मी फरसाण विकतो, पेन्शन न्हवं!

तुम्हाला सांगतो, ह्या आमच्या तानाकाकू. मंगळवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून एकट्याच राहत्यात. त्यांचं मालक सयाजीकाका पाटबंधारे खात्यात, जन्म गेला आजऱ्याकडं धरणाचं पाणी मोजण्यात. रिटायर होऊन हिकडं आलं, जरा कुठं पाय पसरलं आणि... गेलंच. पण पेन्शन काकूंना जशीच्या तशी! इतकी वर्षं गुमान येत व्हती, आणि ह्या महिन्यात बघतोय तर निम्म्याला टेकलेली! त्यात पुण्यास्नं लेकाचा फोन. विजयसिंह. "आई, तेवढ्यात तुझं भागणार न्हाय, खोली सोड आणि इकडं ये." पुण्यात! आठव्या मजल्यावर! जिथं खिडकीतनं हाक मारली तर कावळाबी वळून बघत न्हाय! काकूंची झोपच उडाली. "कुणीतरी हिशेबात घोळ घातलाय. चल रं."

पेन्शनच्या ऑफिसात टेबलाला एक वर्षाराणी म्हणून बाई, बिचाऱ्या बऱ्या व्हत्या. काकूंनी बूडसुद्धा टेकलं न्हाय, "बाई, मालक गेलं तवा कमी झाली न्हाय, मग आत्ता कोण गेलं?" त्यांनी कागद काढलं, कॅल्क्युलेटर बडवला, परत बडवला, आणि म्हणाल्या, "मावशी, हिशेब बरोबर हाय. मालक लवकर गेलं, की त्यांचं वय पासष्ट झालं असतं तोवर पूर्ण पेन्शन देत्यात, पुढं कमी. गेल्या महिन्यात त्यांना पासष्ट झाली असती."

मी म्हणलं, झालं! आता काकू टेबल उलथणार! तर काकूंनी हळूच मागच्या बाकड्यावर बूड टेकलं. वर पंखा आपला कुरकुर फिरतोय...

"म्हणजे बाई, इतकी वर्षं सरकारनं त्यांना जित्तं धरलं व्हतं?"

"तसंच म्हणा की, मावशी."

अहो, काय सांगू, काकू तिथं राहिल्याच न्हाईत! बाकड्यावर नुसत्या बसलेल्या, नजर कुठंतरी लांब, आणि आपल्याशीच बोलाय लागल्या... "केस पार पिकलं असतील न्हवं... सकाळी पिशवी घेऊन मंडईत जात असतील, वांगी दाबून बघत असतील, रंकाळ्यावर बसून पाणी किती चढलं ते उगंच बघत असतील, सवय कुठली जातीय... आणि मी येडी, एकाच माणसाचा चहा ठेवत बसलो की रं..." मागं रांग लागलेली, एक पावणं खेकसलं, "आटपा की ओ!" त्याला म्हणलं, थांब गड्या, हितं संसार चाललाय!

मग काकू पुढं वाकल्या, हळूच, "बाई, एवढंच सांगा... शेवटपर्यंत तब्येत बरी व्हती न्हवं त्यांची?"

त्या बाईनं कागद बघितला, खरंच बघितला हो, डोळं पुसलं आणि म्हणाली, "व्हय मावशी. कागदावर तरी काय तक्रार न्हाय."

भाईर आलो. काकूंनी तिथल्या तिथं पुण्याला फोन लावला, "विजयसिंहा, मी येत न्हाय. हिशेब बरोबर हाय. तुझ्या बापानं जाऊनबी इतकी वर्षं भागवलं, आता मी भागवतो." आणि फोन बंद!

म्हणलं, सुटलो. किल्ली फिरवतोय, तवर काकू, "थांब. पासष्ट पुरी झाली त्यांची, तोंड गोड नको कराय?" घ्या! पेन्शन कमी झाली म्हणून पेढं वाटणारी बाई तुम्ही बघितलीसा कुठं? किलोभर पेढं! ऑफिसात वाटलं, खेकसणाऱ्या त्या पावण्याच्याबी हातावर ठेवलं! आणि पैसं? काकूंचं पाकीट घरात! सरकारचा हिशेब बरोबर, काकूंचा बरोबर... चुकला त्यो फरसाणवाल्याचा!