थंड दिसंल तो वाघ

सुधाकरभाऊ, तू चहा घे अन् रागावू नको, या पाव्हण्यायले सांगू दे.

मे महिन्यात आमच्या जंगलातल्या टॉवरवर नवा कॅमेरा आला. अंगाची गरमी पकडून दुरूनच वाघ दाखवते म्हणे. साहेबानं भर दुपारी लावला, तर दगड-माती सगळंच तापलेलं, पडदा नुसता पांढराफक.

"यात वाघ कसा ओळखायचा?" साहेबानं मले विचारलं.

"साहेब, या उन्हात थंड दिसंल तोच वाघ. दुपारी तो पाण्यात बसून राह्यते."

नाल्यावर झूम केलं, तर खरंच एक काळा ठिपका. मंग तो काठावर आला, दोन पायानं चालत. त्या बाजूले गस्तीवर आपला हा सुधाकरभाऊच होता. साहेबानं फोन लावला. पडद्यावर ठिपक्याचा हात कानाले गेला.

"सुधाकर, कुठे आहेस?"

"वाघाच्या मागावर, साहेब."

"बरं. आधी अंग पूस."