अद्याप स्पष्ट नाही

आई — आणि ह्यांच्या हातावरचा हा निळा डाग बघ फोटोत, कोपराजवळ. काल एवढा नव्हता.

वायछिंग — बाबांना हॉस्पिटलच्या गोळीशिवाय आणखी काय देतेस?

आई — काय देणार? पेज, वाफवलेला मासा.

वायछिंग — मग तांदळाच्या डब्यामागे हे खोकं कसलं?

आई — लाल मुळीच्या गोळ्या. खालच्या फोककाकांच्या जडीबुटीच्या दुकानातल्या. झटका येऊन गेलेल्या माणसाचं रक्त फिरतं राहायला नको?

वायछिंग — अगं, हॉस्पिटलची गोळी रक्त पातळच करते! कधीपासून देतेयस?

आई — अडीच महिने. ओरडू नकोस, ते आत झोपलेत. मी कागद वाचूनच दिल्या. वाच ना, दुष्परिणाम काय लिहिलेत?

वायछिंग — 'अद्याप स्पष्ट नाहीत.'

आई — झालं तर! हॉस्पिटलच्या गोळीच्या त्या इंग्रजी कागदावर मला नुसती मुंग्यांची रांग दिसते.

वायछिंग — स्पष्ट नाहीत म्हणजे कोणी नीट तपासले नाहीत. होतच नाहीत असं नव्हे. आणि हे? 'इतर औषधांसोबत घ्यावयाचे असल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा.'

आई — ते खोकल्याच्या औषधावरही असतं. कोण वाचतं? त्या इंग्रजीत काय वेगळं आहे?

वायछिंग — 'तुम्ही झाडपाल्याची औषधं घेत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा. तुमच्या अंगावर विनाकारण निळे डाग दिसले तर थांबू नका, लगेच दवाखान्यात जा.'

आई — 'तुम्ही'? असं समोर बसून बोलल्यासारखं?

वायछिंग — हो.

आई — मी तुला विचारलं होतं, वायछिंग. फोनसमोर हाच इंग्रजी कागद धरून. तू म्हणालीस...

वायछिंग — 'जेवणानंतर एक, बाकी नेहमीचंच.' आठवतंय. मीटिंगमध्ये होते मी.

आई — दिवसभर लोकांच्या औषधांच्या कागदांचं भाषांतर करतेस...

वायछिंग — आई, चपला घाल. टॅक्सी बोलावलीय. दोन्ही खोकी पिशवीत टाक. मी बाबांना उठवते.

बाबा — जागाच आहे मी. आठवडाभर दात घासताना रक्त येतंय.

आई — आणि बोलला नाहीत?

बाबा — त्या गोळ्या देताना तू किती खुशीत असायचीस.

(संध्याकाळी, वॉर्डात, बाबांच्या खाटेपाशी.)

आई — वेळेत आणलंत म्हणाल्या ना डॉक्टरीणबाई?

वायछिंग — हो. दोन दिवस ठेवून घेणार. मुळीच्या गोळ्या बंद.

आई — तो इंग्रजी कागद काढ. पहिल्या ओळीपासून सांग. काही गाळू नकोस.

वायछिंग — लांबलचक आहे गं.

आई — असू दे. आणि जरा मोठ्यानं. ह्यांनाही ऐकू दे.